नाव पुण्याचं, ताळेबंद मालकाचा

२१ मार्च २०१० रोजी चेन्नईत आयपीएलच्या दोन नव्या संघांसाठी आलेली पाकिटं उघडली गेली. पहिली निविदा अटी जाचक असल्याच्या तक्रारीवरून दोनच आठवड्यांपूर्वी रद्द झाली होती, त्यामुळे या खेपेला बोली बेताच्याच येतील असं पुष्कळांना वाटत होतं. प्रत्यक्षात पुण्यासाठी सहारा समूहाने ३७ कोटी डॉलर लावले, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने १,७०२ कोटी रुपये. कोचीसाठी दुसऱ्या गटाने ३३ कोटी ३३ लाख डॉलर मोजले. दोन वर्षांपूर्वी, जानेवारी २००८ मध्ये, मुंबईसह आठही संघ मिळून ७२ कोटी ३६ लाख डॉलरना विकले गेले होते. त्यात सगळ्यात महाग ठरलेली मुंबई ११ कोटी १९ लाखांची. आता दोन संघांचीच किंमत ७० कोटींच्या पुढे गेली होती. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत पुण्याला मोठा मान मिळाल्याच्या बातम्या होत्या. तो मान विकत घेणाऱ्याचा होता. शहराच्या वाट्याला त्यातलं किती येणार, हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या तीन वर्षांत जे घडलं त्याची मुळं त्या बोलीच्या आकड्यात आहेत, म्हणून तो हिशेब आधी मांडायला हवा. १,७०२ कोटी दहा वर्षांत फेडायचे, म्हणजे दर वर्षी १७० कोटी वीस लाख भारतीय क्रिकेट नियामक मंडळाला द्यायचे. २०११ च्या लिलावात एका संघाने खेळाडूंवर जास्तीत जास्त ९० लाख डॉलर खर्चावेत अशी मर्यादा होती, म्हणजे चाळीस कोटी रुपयांच्या आसपास. मालकाने ही मर्यादा काठोकाठ वापरली तरी खेळाडूंवरचा खर्च संघाच्या वार्षिक हप्त्याच्या पाव हिश्श्याइतकाच होणार. उत्पन्नाचा मोठा भाग दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येतो आणि तो बव्हंशी समान वाटला जातो, संघ पहिला येवो की शेवटचा. विजेत्याचं बक्षीस त्या काळी दहा कोटींचं. जिंकल्याने तिकिटं आणि प्रायोजक वाढतात हे खरं. पण १७० कोटींच्या हप्त्यापुढे ती वाढ नगण्य. अशा मांडणीत मालकाचं लक्ष फलंदाजीच्या क्रमापेक्षा हप्ता कमी कसा होईल याकडे लागतं, आणि पुण्यात नेमकं तेच झालं.

पुण्याला क्रिकेट कुणी बाहेरून आणून दिलेलं नव्हतं. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणाऱ्या प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. त्यातल्या पहिल्या मोसमात विजय हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. पुढे बडोद्याच्या महाराजांनी त्यांना आपल्या पदरी नेलं आणि ते बडोद्याचे झाले. खेळाडूला धनी लागतो, ही गोष्ट तेव्हाही होती. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा ४५२ चा जागतिक विक्रम नऊ धावांवर आला होता, आणि काठियावाडच्या संघाने सामना सोडून दिला. त्या संघाचे कप्तान राजकोटचे ठाकोरसाहेब होते. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम नोंदला जाऊ नये असं त्यांना वाटलं आणि खेळ थांबला. एका माणसाच्या मर्जीने मैदानावरचा डाव अर्धवट राहिल्याचं याहून ठळक उदाहरण मला महाराष्ट्राच्या क्रिकेटमध्ये दिसत नाही.

मुंबई आणि विदर्भ सोडला तर राज्यातले बहुतेक जिल्हे पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे येतात. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हाही त्यातच. शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीच्या एखाद्या मुलाला राज्याकडून खेळायचं असेल तर त्याची वाट जिल्हा संघ, आंतरजिल्हा सामने आणि निवड चाचण्या अशी पुण्यालाच जाते. खरं तर अंतराने त्याला सुरत जवळ आहे. तरी क्रिकेटच्या कागदपत्रांत तो पुण्याचा. म्हणून पुण्याच्या नावाने आयपीएलचा संघ आला तेव्हा तो एका शहरापुरता नव्हता. तापीकाठापासून सोलापूर-कोल्हापूरपर्यंतच्या मुलांना आपलं म्हणता येईल असा तो पहिलाच झगमगीत संघ होता.

जानेवारी २०११ मध्ये बंगळुरूत लिलाव झाला. पुणे वॉरियर्स इंडियाने रॉबिन उथप्पाला २१ लाख डॉलर दिले, युवराज सिंगला १८ लाख, अँजेलो मॅथ्यूजला साडेनऊ लाख, आशिष नेहराला साडेआठ लाख. कागदावर हा संघ दुबळा नव्हता. एप्रिलमध्ये मोसम सुरू झाला तेव्हा युवराज विश्वचषकाचा सर्वोत्तम खेळाडू होऊन नुकताच परतला होता आणि पुण्याचा कप्तान होता. पण पुण्याजवळच्या गहुंजेचं मैदान तयार नव्हतं, त्यामुळे पुण्याचे घरचे सामने नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर झाले. ज्या शहराचं नाव अंगावर, त्या शहरात पहिल्या मोसमात एकही सामना नाही. पुण्याच्याच मैदानांवर घडलेला केदार जाधव त्या वर्षी कोचीच्या संघात होता. चौदा सामन्यांत चार विजय मिळाले आणि दहा संघांत पुणे नववं आलं. नेहरा जखमी झाल्यावर लिलावात कुणीच न घेतलेल्या सौरव गांगुलीला मोसमाच्या मध्यात संघात बोलावलं गेलं.

त्याच वर्षी कोचीचा संघ बँक हमी देऊ शकला नाही आणि सप्टेंबर २०११ मध्ये नियामक मंडळाने तो रद्द केला. एका मोसमात एक संघ जन्मला आणि संपला. पुण्याच्या मालकालाही आपला हिशेब चुकल्याचं दिसत होतं. निविदेच्या वेळी ९४ सामन्यांचा मोसम गृहीत धरला होता, प्रत्यक्षात २०११ मध्ये ७४ झाले. सामने कमी तर उत्पन्न कमी, म्हणून शुल्कही कमी करा, हे सहाराचं म्हणणं होतं, आणि ते म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. माझा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे.

४ फेब्रुवारी २०१२ रोजी बंगळुरूत नव्या मोसमाचा लिलाव होता. त्याच सकाळी सहाराने जाहीर केलं की भारतीय संघाचं प्रायोजकत्व आणि पुण्याचा संघ दोन्ही आपण सोडतो आहोत. शुल्काच्या तक्रारीबरोबर आणखी एक तक्रार होती. युवराजला कर्करोगाचं निदान झालं होतं, तो उपचारासाठी अमेरिकेत होता, आणि त्याच्यावर खर्चलेले १८ लाख डॉलर लिलावाच्या थैलीत परत मिळावेत ही सहाराची मागणी मंडळाने मान्य केली नव्हती. आजारी खेळाडूची जागा भरू द्यावी ही मागणी मला रास्त वाटते. पण त्या दिवशी पुण्याच्या टेबलावर कुणी बसलंच नाही. बाकीचे संघ आपापली खिंडारं बुजवत होते. आधीच्या वर्षी नववा आलेला, कप्तान आजारी असलेला पुण्याचा संघ एकही खेळाडू न घेता राहिला. मालक आणि मंडळ यांच्यातल्या भांडणात संघबांधणीचा एकुलता एक दिवस खर्ची पडला. बारा दिवसांनी समेट झाला, काही सवलती मिळाल्या, बदली खेळाडू घ्यायला वेळ वाढवून दिला गेला, मायकेल क्लार्क आला. पण लिलावाचा दिवस परत येत नाही.

१ एप्रिल २०१२ रोजी गहुंजेच्या मैदानाचं उद्घाटन शरद पवार यांच्या हस्ते झालं. द्रुतगती मार्गालगतचं, उघड्या माळावर उभं असलेलं ते देखणं मैदान आहे. बाहेरगावहून गाडी करून येणाऱ्याला सोयीचं, पण पेठेतल्या माणसाला लांब. त्याला सुब्रत रॉय सहारा यांचं नाव दिलं गेलं. ज्या संघटनेने देवधर आणि निंबाळकर पाहिले, तिच्या स्वतःच्या मैदानावर पैशाच्या बदल्यात मालकाचं नाव चढलं याचं मला आजही वाईट वाटतं. पुढे ठरलेले पैसे थकले तेव्हा संघटनेने ते नाव उतरवलं.

मोसमाची सुरुवात मात्र चांगली झाली होती. गांगुलीच्या नेतृत्वाखाली पुण्याने ६ एप्रिलला वानखेडेवर मुंबईला हरवलं, मग गहुंजेला पहिल्याच सामन्यात पंजाबला, पुढे चेन्नईला, आणि २१ एप्रिलला दिल्लीला दिल्लीत. सात सामन्यांत चार विजय. त्यानंतर उरलेले नऊच्या नऊ सामने संघ हरला. नऊ पराभवांच्या रांगेला एकच कारण नसतं. गांगुली निवृत्तीकडे झुकलेला होता, परदेशी खेळाडूंची अदलाबदल सतत चालू होती. पण लिलावात न भरलेल्या जागा अशाच वेळी उघड्या पडतात. मोसमाच्या पहिल्या पंधरवड्यात उत्साहावर निभावतं. मे महिन्याच्या उन्हात राखीव बाकावर कोण बसलं आहे यावर सामने ठरतात, आणि पुण्याचा बाक रिकामा होता.

२०१३ मध्ये प्रशिक्षक बदलला, कप्तान बदलला, निकाल तोच राहिला. २३ एप्रिलला बंगळुरूत ख्रिस गेलने पुण्याच्या गोलंदाजीवर ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा काढल्या. बंगळुरूच्या २६३ पुढे पुणे १३० धावांनी हरलं. १९ मे रोजी गहुंजेला दिल्लीला हरवून पुण्याने मोसम संपवला, आणि दोनच दिवसांनी, २१ मे रोजी, सहाराने आयपीएल कायमची सोडल्याचं जाहीर केलं. शुल्क पूर्ण भरलं नाही म्हणून मंडळाने बँक हमी वटवली होती. २६ ऑक्टोबर २०१३ रोजी मंडळाने संघ रीतसर रद्द केला. तीन मोसम, ४६ सामने, प्रत्येक मोसमात बरोब्बर चार विजय.

या काळात सहाराच्या मागे यापेक्षा कितीतरी मोठा हिशेब लागला होता. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाराच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांकडून गोळा केलेले चोवीस हजार कोटींहून अधिक रुपये व्याजासह परत करायला सांगितलं. ही रक्कम सुमारे तीन कोटी लहान गुंतवणूकदारांची असल्याचं कंपन्यांचंच म्हणणं होतं. मार्च २०१४ मध्ये सुब्रत रॉय तिहार तुरुंगात गेले. संघाचा हप्ता कुठल्या पैशातून जात होता याबद्दल मी काही म्हणत नाही. पण एका शहराच्या क्रिकेटचं भवितव्य अशा समूहाच्या तब्येतीवर टांगलेलं होतं, आणि त्याची फिकीर निविदा उघडताना कुणी केली नव्हती, एवढं तर म्हणायलाच हवं.

मालकाच्या हिशेबाने संघ बुडण्याची गोष्ट जुनी आहे, आणि तिचा सगळ्यात कठोर अध्याय अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये आहे. १८९९ साली रॉबिसन बंधूंकडे क्लीव्हलँडचा ‘स्पायडर्स’ हा चांगला संघ होता. त्यांनी सेंट लुइसचा दुसरा संघही विकत घेतला. तिथे प्रेक्षक जास्त येतील म्हणून सर्वोत्तम गोलंदाज साय यंगसकट क्लीव्हलँडचे सगळे मोठे खेळाडू उचलून सेंट लुइसला नेले. क्लीव्हलँडने त्या वर्षी २० सामने जिंकले आणि १३४ गमावले. प्रेक्षक इतके आटले की पाहुण्या संघांना तिथे जाण्याचा खर्चही निघेना. मग उरलेले बहुतेक सामने परगावी खेळवले गेले आणि मोसमाअखेर संघच बंद झाला. क्लीव्हलँडच्या लोकांनी काही चूक केली नव्हती. त्यांचा संघ दुसऱ्या शहरात जास्त पैसे मिळवून देणार होता, एवढंच.

शंभर वर्षांनी त्याच खेळात याहून सौम्य, पण जास्त टिकाऊ प्रकार सुरू झाला. पिट्सबर्गचा ‘पायरेट्स’ संघ १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं विजयांपेक्षा पराभव जास्त घेऊन मोसम संपवत होता. २०१० मध्ये संघाचे आर्थिक कागद बाहेर आले, तेव्हा दिसलं की २००७ आणि २००८ या दोन पराभूत वर्षांत मिळून मालकांना सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर नफा झाला होता. श्रीमंत संघांकडून दुबळ्या संघांना मिळणारा वाटा दुबळा संघ सुधारावा म्हणून ठेवलेला असतो. तो खेळाडूंवर न खर्चता ठेवून घेतला तर हरणंही फायद्याचं होतं. पायरेट्सच्या चाहत्यांचा राग यावर होता, आणि तो योग्यच होता.

पुण्याची गोष्ट या दोन्हींसारखी तंतोतंत नाही. सहाराने नफा खिशात घातला नाही. उलट ऐपतीपेक्षा मोठी बोली लावली आणि मग हप्त्याखाली वाकून संघाकडे पाठ फिरवली. पण चाहत्याच्या जागी बसून पाहिलं तर फरक थोडाच उरतो. तिन्ही ठिकाणी संघ कसा खेळावा हा प्रश्न संघाचा पैसा कसा निघावा या प्रश्नाच्या मागे उभा राहिला. आता आयपीएलमध्ये खेळाडूंच्या थैलीतला किमान ७५ टक्के पैसा खर्चावाच लागतो. हा नियम चांगला आहे. लिलावाच्या टेबलावर न बसणाऱ्या मालकावर मात्र त्याचाही इलाज चालत नाही.

पुणे वॉरियर्स रद्द झाला त्याच हिवाळ्यात महाराष्ट्राच्या क्रिकेटमध्ये वेगळंच काही घडत होतं, आणि ते मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत मोलाचं वाटतं. २०१३-१४ च्या रणजी मोसमात रोहित मोटवानीच्या नेतृत्वाखाली आणि सुरेंद्र भावे यांच्या मार्गदर्शनाखाली महाराष्ट्राचा संघ एकेक पायरी चढत गेला. उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी वानखेडेवर मुंबईला आठ गडी राखून हरवलं. केदार जाधवने शतक ठोकलं आणि दुसऱ्या टोकाला जालन्याचा विजय झोल उभा होता. इंदूरला बंगालला हरवून संघ अंतिम फेरीत गेला, १९९२-९३ नंतर प्रथमच. हैदराबादला झालेल्या अंतिम सामन्यात कर्नाटकाने सात गड्यांनी मात केली. पण केदार जाधवने त्या मोसमात १,२२३ धावा केल्या, देशात सर्वांत जास्त. या संघावर कुणी सतराशे कोटी लावले नव्हते. जिल्ह्यांतल्या मैदानांवरून, आंतरजिल्हा सामन्यांतून, वर्षानुवर्षं फारसे प्रेक्षक नसलेल्या सामन्यांतून तो उभा राहिला होता. जालन्याचा मुलगा वानखेडेवर मुंबईविरुद्ध खेळला, तो मालकाच्या निवडीने नव्हे तर धावांच्या जोरावर. नंदुरबारच्या मुलाला दिसायला हवं ते हे.

पुण्याने फुटबॉलमध्येही हेच सोसलं, आणि तेही थोड्याच वर्षांत. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता. २०१५ मध्ये मालकांनी तो बंद केला. भारत एफसी एकच मोसम टिकला. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर दिसेनासा झाला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये आर्थिक अडचणीत संपला आणि त्याची जागा हैदराबादकडे गेली. त्याआधी मुंबईत महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली होती आणि कंपनीने २०१० मध्ये संघ मिटवला. त्या विजयाचे प्रशिक्षक डेरिक परेरा नंतर पुणे एफसीकडे आले आणि तो संघ त्यांनी वर आणला. एका माणसाने घडवलेले दोन संघ दोन मालकांच्या निर्णयाने बंद झाले. या क्लबांच्या पोरांच्या अकादम्या होत्या, तिथे दहा-बारा वर्षांची मुलं रोज सरावाला येत होती. आपण खेळत असलेला क्लबच आता नाही, हे त्या मुलांना कुणी आणि कसं सांगितलं असेल, याचा विचार मनातून जात नाही.

क्रिकेटमध्ये पुण्याचं नाव पुन्हा आलं ते दुसऱ्याच्या अपराधामुळे. सट्टेबाजी प्रकरणात लोढा समितीने जुलै २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केलं, आणि ती पोकळी भरायला मंडळाने उलटी बोली ठेवली. मंडळ नव्या संघाला वर्षाला जास्तीत जास्त चाळीस कोटी देईल, जो कमीत कमी मागेल त्याला संघ. ८ डिसेंबर २०१५ रोजी संजीव गोएंका यांच्या कंपनीने शून्याच्याही खाली जाऊन उणे सोळा कोटींची बोली लावली. म्हणजे मध्यवर्ती उत्पन्नातलं काही नको, वर आम्हीच वर्षाला सोळा कोटी देतो. त्यांना पुणे मिळालं. नफा नाही हे ठाऊक असून माणूस संघ घेतो तेव्हा त्याला नाव हवं असतं, आणि दोन वर्षांत नाव करायचं तर जिंकावंच लागतं. बोलीची रचना बदलली तशी मालकाची नजर बदलली. महेंद्रसिंह धोनी, अजिंक्य रहाणे, रविचंद्रन अश्विन, स्टीव्ह स्मिथ असे खेळाडू एकाच दिवशी पुण्याकडे आले.

२०१६ चा मोसम मात्र दुष्काळात सापडला. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचत होती आणि खेळपट्ट्यांवर पाणी मारायचं की नाही यावर उच्च न्यायालयात सुनावणी चालू होती. १३ एप्रिलला न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. तो निर्णय बरोबरच होता. पिण्याच्या पाण्यापुढे खेळपट्टीचा हक्क उभा राहू शकत नाही. संघाचं घर मे महिन्यात विशाखापट्टणमला हललं. पुणे सातवं आलं.

दुसऱ्या वर्षी धोनीकडून नेतृत्व काढून स्मिथला दिलं गेलं. २० फेब्रुवारी २०१७ च्या लिलावात बेन स्टोक्ससाठी साडेचौदा कोटी मोजले गेले, ६६ कोटींच्या थैलीतले. त्याच संघात दहा लाखांच्या पाया किमतीवर घेतलेला महाराष्ट्राचा राहुल त्रिपाठी होता. त्याने त्या मोसमात ३९१ धावा केल्या, कोलकात्यात कोलकात्याविरुद्ध ९३ ची खेळी केली आणि सलामीला येऊन अनेक सामने पहिल्या सहा षटकांतच पुण्याकडे वळवले. साडेचौदा कोटींचा स्टोक्स आणि दहा लाखांचा त्रिपाठी एकत्र खेळले तेव्हा पुण्याचा संघ खरोखरच संघ झाला. साखळीत दोनदा आणि बाद फेरीत एकदा, असं तीनदा त्यांनी मुंबईला हरवलं. २१ मे २०१७ च्या अंतिम सामन्यात हैदराबादला मुंबईने १२९ केल्या. इंग्लंडच्या संघात सामील व्हायला स्टोक्स आधीच निघून गेला होता. शेवटच्या षटकात अकरा हव्या होत्या. मनोज तिवारीने पहिल्या चेंडूवर चौकार मारला, पुढच्या दोन चेंडूंवर तो आणि स्मिथ बाद झाले. शेवटच्या चेंडूवर चार हव्या असताना दोन धावा पूर्ण झाल्या आणि तिसरी घेताना फलंदाज धावचीत झाला. पुणे एका धावेने हरलं, आणि त्या रात्रीच संघाची मुदतही संपल्यात जमा होती. चेन्नई आणि राजस्थान परत येणार होते. अंतिम फेरी गाठलेला संघ पुढच्या मोसमात अस्तित्वातच नव्हता.

त्यानंतर गहुंजेचं मैदान दुसऱ्यांचं घर म्हणून कामी आलं. पंजाबने २०१५ मध्येच तिथे घरचे काही सामने खेळले होते. २०१८ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटलं, तेव्हा चेन्नईचे घरचे सामने पुण्याला हलले आणि पिवळे शर्ट घातलेले चाहते खास रेल्वेगाडीने पुण्याला आले. चेन्नईच्या मागेही उद्योगसमूहच होता, हे विसरून चालणार नाही. पण दोन वर्षं निलंबित राहूनही तो संघ परत आला, त्याच नावाने आणि त्याच कप्तानासह. चाहत्यांना हजार किलोमीटरची गाडी पकडावीशी वाटली ती या सातत्यामुळे. पुण्याला दोनदा संघ मिळाला आणि दोन्ही वेळा पाच मोसमही मिळाले नाहीत. जिव्हाळा रुजायला जेवढा काळ लागतो तेवढा काळच दिला गेला नाही, आणि मग पुणेकरांना क्रिकेटचं प्रेम नाही असं म्हटलं गेलं, हा त्या शहरावरचा मोठा अन्याय आहे.

२५ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत मंडळाने पुन्हा दोन नवे संघ विकायला काढले. गोएंका यांच्या समूहाने या वेळी ७,०९० कोटी रुपये मोजून लखनौ घेतलं, आणि त्या संघाला जे नाव दिलं त्यात पुण्यातल्या आपल्याच जुन्या संघाच्या नावातलं ‘सुपर जायंट्स’ पुन्हा वापरलं. अहमदाबाद ५,६२५ कोटींना एका परदेशी गुंतवणूक कंपनीकडे गेलं. पुढच्या जूनमध्ये पाच वर्षांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले, म्हणजे या वेळी हप्त्याची चिंता कुणाला फारशी उरली नाही. बोली लावणाऱ्यांना शहर निवडायला सहा नावं दिली होती: अहमदाबाद, लखनौ, इंदूर, कटक, गुवाहाटी आणि धरमशाला. पुण्याचं नाव त्या यादीत नव्हतं.